भिंत गप्प बसली पाहिजे

सोमवार, ३ तारीख

आणि वर म्हणतात, मनात येईल तसं लिहा! माझ्या मनात येतं ते खरंच लिहिलं तर ह्यांची ती प्रदर्शनाची गुळगुळीत पुस्तिका छापखान्यातच पेट घेईल. चौथी पास बाईच्या हातात शंभर पानी वही ठेवायची, वर पेन ठेवायचं आणि सांगायचं, "ताई, रोज थोडं लिहा, निसर्गातून तुम्हाला प्रेरणा कशी मिळते." मी म्हटलं, मॅडम, प्रेरणा म्हणजे काय ते आधी सांगा, मिळते का ते मग बघू. तर टाळी वाजवून म्हणाल्या, "हेच! अगदी हेच लिहा!" हेच म्हणजे कोणतं, ते विचारेपर्यंत गाडीत बसून गेल्या पण.

ह्या चष्मेवाल्या बाई. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं चित्रांचं दालन आहे, काचेच्या दाराचं. मी बावीस वर्षं लोकांच्या घरांना रंग देते. भिंतीच्या भेगांत लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, रंगाचे दोन हात द्यायचे, की चालले पुढच्या घरी. मागच्या वर्षी बाईंचं घर रंगवलं. दुपारच्या सुट्टीत बाकीचे लवंडायचे. मला दुपारची झोप येत नाही, म्हणून मी उरलेल्या रंगानं एका फळीवर पट्ट्या ओढत बसायची. बाई भिंती बघायला आल्या आणि फळी बघत उभ्या राहिल्या. भिंती कशा झाल्या ते आजतागायत बोललेल्या नाहीत.

आता २९ तारखेला, शनिवारी, माझ्या आठ चित्रांचं प्रदर्शन. सात झाली. आठवं मोठं. दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर तेच दिसणार. ते अजून पुरं व्हायचंय. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "लोक तिकीट काढून पट्टे बघायला येणार?" मी म्हटलं, फुकट आहे. "मग येतील," म्हणाल्या.

ठरवलं. ही वही बाईंना द्यायची नाही. वही माझी. त्यांना दोन ओळी वेगळ्या लिहून देईन, तेवढ्या पुरेत.

मंगळवार, ४

वही माझीच आहे तर खरं लिहायला हरकत नाही. काम कसं होतं ते एकदाच लिहून टाकते.

सहाला घरातून निघते. वस्तीच्या मागे दगडाची बंद पडलेली खाण आहे, तिच्यात पाणी साठलंय. ते रोज थोडं उतरतं. थोडं ऊन पितं, थोडं टँकरवाले बांधकामाला नेतात. उतरताना दगडावर रेघ सोडून जातं. कालची रेघ, परवाची रेघ, महिन्यापूर्वीची. सगळ्यात वरच्या पांढऱ्या पडल्यात, मधल्या शेवाळाच्या, हिरव्या, मग तपकिरी, आणि पाण्याला टेकलेली शेवटची काळी, ओली. मी रोज एकाच दगडासमोर बसते. पुठ्ठ्याच्या पट्टीवर रंग जुळवते आणि पट्टी दगडाला लावून बघते. भिंतीचा टवका उडाला तर तेवढाच तुकडा असा रंगवायचा की जोड दिसता कामा नये, ही माझी खासियत. मुकादम त्यासाठी मला लांबून बोलावतो. दगडाशी पण तेच. जोड दिसला तर परत. दिसेनासा झाला की पाणी किती बोटं उतरलं ते मोजायचं आणि उठायचं. घरी येऊन मोठ्या प्लायवर तेवढ्याच जाडीची, त्याच रंगाची पट्टी ओढायची. रोज एक. कधी बोटभर, टँकर जास्त आले तर तीन बोटं. मागच्या महिन्याच्या एक तारखेपासून चाललंय.

दगड काढत नाही, पाणी काढत नाही. बाईंनी विचारलं होतं, "हे काय आहे, ताई?" मी म्हटलं, काय आहे ते विचारू नका, किती दिवस आहेत ते विचारा.

ह्यात प्रेरणा कुठे बसली असेल तर मला दिसली नाही. डास दिसले.

हे पण रोज येतात बरोबर. पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं ह्यांचं दुकान नऊला उघडतं. म्हणतात, गुडघ्याला चालणं चांगलं. आणि तिथं पोचलं की माझ्याकडे पाठ करून तासभर बसून राहतात, कुत्री हाकलत. ह्याला काय चालणं म्हणायचं?

गुरुवार, ६

सासूबाईंशी वाजलं. रोज वाजतं, आज जास्त.

मोठी फळी सहा बाय चार. एवढी मोकळी भिंत घरात एकच, सासूबाईंच्या खोलीतली, पलंगासमोरची. दुसरीकडे ठेवायची कुठे, डोक्यावर?

"माझ्या डोळ्यांसमोर हे भिजलेलं पोतं किती दिवस?"

"पोतं नाही, चित्र आहे."

"चित्रात काहीतरी असतं."

"तुमच्या डोक्यात असतं तेवढं आहे."

"मग काठोकाठ भरलंय म्हण की."

ब्याऐंशी वय, पण जिभेला एक दिवस सुट्टी नाही. आणि वर लक्ष बघा. कालची पट्टी आधीच्यापेक्षा अर्धं बोट जाड आहे हे त्यांना पलंगावरून कळलं. म्हणे, "काल टँकर जास्त आले का गं?"

त्या भिंतीनं पण मला छळलंय. तीन वर्षांपूर्वी ही खोली दुकानातल्या तयार पांढऱ्यानं रंगवली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दवाखान्यात झोपल्यासारखं वाटतं. आता कोणीतरी येऊन सुई टोचेल." परत रंगवली, जरा पिवळसर. "आता मला कावीळ झाल्यासारखं वाटतं." मी डबा आपटला. तिसऱ्यांदा एका बादलीत दोन चमचे पिवळी माती, अर्धा चमचा काळा, नखभर तांबडा. चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मीच विचारलं, काय मग? तर म्हणाल्या, "बरं आहे. भिंत गप्प बसली."

बावीस वर्षांत मला मिळालेली शाबासकी एवढीच. ती पण भिंतीला.

रविवार, ९

शेवटच्या, ओल्या पट्टीचा रंग येत नाही. नऊ पुठ्ठे फाडले.

ओला रंग खोटं बोलतो. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. ओला असताना वेगळा, सुकला की वेगळा. म्हणून जुळवलेला रंग सुकवून बघायचा, मगच घरमालकाला हो म्हणायचं. पण मला हवाय ओल्या दगडाचा रंग, आणि रंग तर सुकणारच, त्याला काय मी रोज पाणी घालू? वर वार्निश मारून बघितलं. दगड राहिला बाजूला, नवं कपाट दिसायला लागलं. काळा वाढवला, डांबर झालं. निळा घातला तर शाई सांडल्यासारखं.

खरं सांगायचं तर भीती वाटते. भिंत झाली की नाही ते कळतं. घरमालक बोट फिरवतो, डाग दाखवतो, भांडतो, मी पुसून परत करते. इथं डाग कोण दाखवणार? बाई सगळ्यालाच छान म्हणतात. सगळ्याला छान म्हणणाऱ्या माणसाचा भरवसा काय धरायचा? मी लोकांना फसवतेय की लोक मला, तेच कळेनासं झालंय.

तेवढ्यात मुकादमाचा फोन. चार मजली इमारत आहे. "का आता चित्रकारीणबाई झालात?" मी म्हटलं, २९ होऊ दे. "एकतीसला शिडीवर दिसा," म्हणाला. हो म्हटलं. त्याला हो म्हणताना जीव थंड झाला.

मंगळवार, ११

पाणी उतरलंच नाही. टँकर आले नाहीत, आभाळ भरलेलं, ऊन नाही. आजची पट्टी नाही. दिवसभर नुसती ह्या खोलीतून त्या खोलीत.

बाईंचा फोन. म्हणाल्या, एखाद्या दिवशी नसेल उतरलं तर तुम्ही मनानं ओढा ना पट्टी. मी म्हटलं, मनानं ओढायची असती तर सकाळी सहाला डास कशाला खाऊन घेतले असते?

बुधवार, १२

आली! शेवटच्या पट्टीचा रंग आला.

सासूबाईंना भिंतीशी फळी लागून असलेली आवडत नाही, मला त्यांचं टोचून बोलणं आवडत नाही, अशी आमची सकाळ चालली होती. मी पुठ्ठे घेऊन खाली बसलेली. मी म्हटलं, तुमच्यापायी माझे केस पांढरे झाले. तर म्हणाल्या, "माझ्यापायी? अगं, मी शेजारी बसते म्हणून तू तरणी दिसतेस. मी गेले की कळेल तुला, आरशासमोर उभी राहशील तेव्हा."

काय बोलायचं ह्यांच्याशी. रागानं मी हातातला काळपट पुठ्ठा फेकला. तो जाऊन पडला भिंतीच्या कडेला सांडलेल्या चुन्याच्या भुकटीत. आणि ओला दिसायला लागला. कोरडा ठणठणीत पुठ्ठा, पण हात लावला तर बोट भिजेल असा.

शेजारी! मी सगळा जीव त्या एका पट्टीवर लावला होता आणि तिच्या शेजारणीकडे बघितलंच नव्हतं. वरची पट्टी जेवढी कोरडी, भुकटीसारखी करीन तेवढी खालची ओली होणार. ताबडतोब लागले कामाला. वरच्या पट्टीच्या रंगात खडूची पूड घातली, पाणी कमी केलं. सुकल्यावर बघितलं. जमलं.

सासूबाईंनी पलंगावरून मान लांब केली. "पुसून घे खालचं. पाणी सांडलंय."

सांडलं नव्हतं काही. मी सांगितलं पण नाही. डोळे अधू झालेत त्यांचे.

शनिवार, १५

काल शेवटची पट्टी ओढली. आज सगळी आठ चित्रं टेम्पोतून दालनात गेली. ह्यांनी मोठ्या फळीला चारही कोपऱ्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले होते. मी म्हटलं, हे कधी केलंत? तर म्हणे, मोकळा होतो. शनिवारी ह्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि म्हणे मोकळा.

फळी निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "गेली एकदाची. खोलीत वारा आला." संध्याकाळी चहा द्यायला गेले तर रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. टीव्ही बंद. मी विचारलं, काय बघताय? "काही नाही. तिथं एक खिळा राहिलाय, तो काढ." खिळा दोन वर्षांपासून आहे.

सोमवार, १७

वाटोळं झालं.

आज चित्रं टांगली. दालनाचा सुतारदादा हाताचा नीट आहे, पातळी लावून, दोन वेळा मोजून टांगतो. मी मुद्दाम बाहेर उभी राहिले आणि सगळं झाल्यावर दारातून आत आले, बघणारा येईल तशी. आणि समोर बघितलं तर माझं चित्र मेलेलं. दोरीवर वाळत घालून विसरलेलं फडकं. शेवटची पट्टी तर कोरडी ठक्क, मळकी. सगळे हिरवे आजारी. दीड महिना ज्याच्यासाठी सहाला उठले ते हे?

बाई म्हणाल्या, "छान!" पण दमानं म्हणाल्या, म्हणजे त्यांनाही दिसलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "ताई, मोठं थोडं... बसत नाहीये का? तुम्ही बघा काय करता येतं. पुढच्या सोमवारपर्यंत थांबू. नाही जमलं तर समोर दोन लहान लावू, आणि हे आतल्या बोळात."

बोळ म्हणजे हात धुवायच्या जागेकडे जातो तो. तिथं हात पुसायचं यंत्र आहे आणि एक मोडकी खुर्ची. माझा खाणीचा दगड तिथं उभा राहणार.

सुतारदादानं हळूच विचारलं, "ताई, घरी बरं दिसत होतं का?" मी त्याच्यावर ओरडले. बिचाऱ्याचं काय चुकलं होतं?

मंगळवार, १८

दालनातच चित्राशी झोंबले. शेवटची पट्टी गडद केली. नाही. आणखी गडद. नाही. तिसऱ्यांदा. आता भोक पडल्यासारखं दिसतं. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. "तुम्ही आता निसर्गाशी बोलताय, असं वाटतं," म्हणाल्या. मी म्हटलं, शिव्या देतेय.

बुधवार, १९

फळी घरी परत आणली. सासूबाईंच्या खोलीत नेऊन ठेवली, तोंड भिंतीकडे करून. बघायचं पण नाही मला.

सकाळी खाणीवर गेले नाही. हे एकटेच जाऊन आले. कशाला गेलात विचारलं तर म्हणे, गुडघा. मग जरा वेळानं, "दोन बोटं उतरलंय."

मी विचारलं होतं का?

शुक्रवार, २१

काय लिहू, स्वतःलाच चप्पल मारून घ्यावीशी वाटते.

दुपारी सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते उलटं कशाला ठेवलंय? मी काय मागची लाकडं बघत बसू?" मी म्हटलं, पोतंच आहे ना ते तुमच्या लेखी, उलटं काय नि सुलटं काय. "असू दे पोतं. माझ्या खोलीत आहे ना? सरळ कर."

केलं सरळ. मागे सरकून उभी राहिले आणि बघतच राहिले. शेवाळ हिरवं होतं. तपकिरी तपकिरी होता. वरचे पांढरे उन्हातल्यासारखे. फक्त शेवटची पट्टी तेवढी भोक पडलेली, जी मी मंगळवारी तीनदा मारून ठेवली.

"ह्या खालच्याला काय केलंस?" सासूबाई म्हणाल्या. "आधी बोट बुडत होतं. आता नुसतं काळं आहे."

"तिकडे मेल्यासारखं दिसत होतं म्हणून केलं."

"तिकडे म्हणजे कुठं?"

"दालनात."

"तिथली भिंत कशी आहे?"

मला आठवेना. बावीस वर्षं मी कुणाच्या घरात शिरले की माणसांच्या आधी भिंती बघते. आणि त्या दालनात चार वेळा गेले, दोन तास उभी राहिले, चित्रावर डोळे फोडून घेतले, पण भिंतीकडे बघितलं नाही. शेजारणीकडे बघ, शेजारणीकडे बघ, असं स्वतःला बजावत होते. अरे, चित्राच्या चारही अंगांना जी लागून आहे ती कोण?

"पांढरी असेल," मी म्हटलं.

"दवाखान्याचा पांढरा?"

मग त्याच म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." आणि कूस बदलून झोपल्या. इतक्या खूश मी त्यांना कधी बघितल्या नाहीत.

शनिवार, २२

सकाळी एका मोठ्या पुठ्ठ्याला सासूबाईंच्या खोलीचा पांढरा मारला, सुकवला, आणि दालन उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. भिंतीला पुठ्ठा लावला. माझ्या देवा! पुठ्ठ्याशेजारी भिंत निळी दिसत होती. दुकानातला तयार पांढरा, वरून पांढरेफेक दिवे. नुसती किंचाळत होती भिंत. अशा भिंतीसमोर कुणाचं तोंड निरोगी दिसेल?

सुतारदादाला म्हटलं, त्या लहान चित्राच्या मागे हा पुठ्ठा सरकवा. त्यानं सरकवला. "आयला!" म्हणाला, आणि जीभ चावली. मग बाईंना हाक मारली. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. दिसलं त्यांना. शपथेवर सांगते, दिसलं.

मी म्हटलं, मॅडम, समोरची भिंत मी रंगवते. एक दिवस रंगवायला, एक दिवस सुकायला. सामान माझं.

तर म्हणाल्या, "अहो ताई, तुम्ही?"

"मग कोण? मला येतं."

"येतं हो, पण तुम्ही आता कलाकार आहात. प्रदर्शनाच्या आठवड्यात कलाकार शिडीवर, डोक्याला फडकं बांधून... लोक येत-जात असतात, फोटोवाले येतात. बरं दिसत नाही. भिंतीला आमचा माणूस आहे. आणि पांढरा तर सगळ्या दालनांत हाच असतो."

"त्या माणसाला बोलवा, मी रंग कालवून देते."

"तो आता दहा तारखेनंतर." मग माझा हात हातात घेऊन पुस्तिकेचं कच्चं पान दाखवलं. "हे बघा किती सुंदर लिहिलंय तुमच्याबद्दल." मी अक्षर अक्षर लावून वाचलं. "भिंती मागे टाकून ती निसर्गाकडे वळली."

कोण वळली? कधी? भिंतीच्या उरलेल्या रंगात चित्र केलं, भिंतीचा तुकडा जुळवतात तसा दगड जुळवला, माझ्याकडे दुसरं आहे काय? ती बावीस वर्षं काढून टाकली तर माझ्या हातात पेन्सिल धरायची ताकद उरत नाही. आणि ह्यांना त्याचीच लाज वाटते, ती पण माझ्या वतीनं.

पुठ्ठा घेऊन घरी आले. रस्त्यात रडले थोडी. धुळीनं.

रविवार, २३

आज खाणीवर गेले. पाणी फार खाली गेलंय, माझ्या दगडाचं बूड दिसायला लागलं. तिथं एक नवीन रेघ आहे, गंजासारखी, मी आधी कधी बघितलेली नव्हती. पुठ्ठा नेला नव्हता, नाहीतर बसलेच असते. पुढच्या फळीला बघू.

घरी येऊन शेवटची पट्टी पॉलिश पेपरनं उतरवली आणि बारा तारखेचा जुना पुठ्ठा समोर ठेवून परत ओढली. सुकली. आली परत. बोट बुडतंय.

दुपारी मागच्या पडवीत गेले तर हे रंग गाळत बसलेले, जुन्या मच्छरदाणीच्या कापडातून. पूर्ण वीस लिटरची बादली. शेजारी पिवळी माती, काळा, तांबडा आणि घरातला चहाचा चमचा. मी म्हटलं, हे कशाला? बाई नाही म्हणाल्यात. तर म्हणे, "गाळून ठेवला की टिकतो." दोन रोलर धुऊन उन्हात, शिडीच्या पायाला नवं रबर. सुट्टीच्या दिवशी माणूस काहीतरी उद्योग काढतोच.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "तिथं बसायला काही असतं का?"

"कुठं?"

"तुझ्या त्या दालनात."

"कुणाला बसायचंय?"

"कुणाला नाही. विचारलं. लोकांना उभं ठेवतात का, एवढंच."

"एक मोडकी खुर्ची आहे बोळात."

"मोडकी नको," म्हणाल्या. "हाताची असली तर बरी पडते. उठताना धरायला."

सोमवार, २४

सकाळी बाईंचा फोन. "ताई, मी मार्ग काढला. मोठं चित्र बोळातच लावू. तिथली भिंत जुनी आहे, पिवळसर, त्यावर तुमचे रंग छान उठतील. म्हणजे तुमचंही राहिलं, माझंही."

खरंय, उठतील. मी क्षणभर हो म्हणणार होते. रंगाचा प्रश्न मिटत होता. फोन कानाला धरून घोटाळले. आतून सासूबाई ओरडल्या, "कोण आहे? हात धुवायला जाणाऱ्यांना दाखवणार आहेत का?" सासूबाईंना दूरचं ऐकू येत नाही, असं डॉक्टर म्हणतो.

मी बाईंना सांगितलं, लिहून पाठवते. वहीचं मागचं पान फाडून लिहिलंय, सुतारदादाच्या हाती देणार आहे. काय लिहिलं त्याची नक्कल इथं ठेवते, उद्या मी असं म्हटलंच नव्हतं असं कुणी म्हणायला नको. मी सुद्धा.

"मॅडम यांस,

तुम्ही मला फळीवरून ओळखलंत, ते मी कधी विसरणार नाही. दुसऱ्या कुणी ती फळी शिडीखाली टेकूला लावली असती.

पुस्तिकेसाठी दोन ओळी मागितल्या होत्या, त्या घ्या. खाणीतलं पाणी रोज किती उतरलं ते ह्या चित्रात आहे. अकरा तारखेला उतरलं नाही. एवढंच छापा. भिंती मागे टाकल्या असं छापू नका. मी टाकलेल्या नाहीत आणि टाकणार नाही. एकतीस तारखेला मी एका चार मजली इमारतीच्या शिडीवर असणार आहे, ते छापलं तरी चालेल.

मोठं चित्र बोळात जाणार नाही. समोरच्या भिंतीवर लागेल, आणि ती भिंत मी रंगवीन. ती भिंत चित्राची शेवटची पट्टी आहे, हे मला उशिरा कळलं, ही चूक माझी. म्हणून हात पण माझाच लागेल. डोक्याला फडकं बांधीन. फोटोवाले आले तर फोटो काढू द्या.

गुरुवारी दुपारी रंगवली तर शुक्रवारी पूर्ण दिवस सुकेल, ओल्यावर मी भरवसा ठेवत नाही. शनिवारी सकाळी चित्र लागेल, संध्याकाळी दार उघडेल. ह्याच्यात एक तास इकडचा तिकडे होत नाही, म्हणून गुरुवारी बारापर्यंत उत्तर पाहिजे. छान म्हणू नका. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा.

समोर एक खुर्ची ठेवा. हाताची.

गुरुवारी बाराला मी शिडी घेऊन दाराशी उभी असेन. हो असेल तर भिंत रंगवते. नाही असेल तर सातही चित्रं उतरवून घेऊन जाते. शिडी दोन्हीला लागते."